नंदीच्या अंगावरची विभूती

आमचे सासरे गुरुपादप्पा, म्हणजे आमचे आप्पा, शरमेचा पुतळा होते. गिऱ्हाईक काही न घेता परत गेलं तर यांना वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. पंगतीत वाढपी पुढं निघून गेला तर पानात भात नाही हे सांगायचीसुद्धा यांना चोरी. सासूबाई महादेवी, ज्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो, त्या सांगायच्या की लग्नात अक्षता पडल्या तरी यांनी मान वर केली नाही, शेवटी कुणीतरी विचारलं, नवरदेवाचं खाली काही हरवलंय का.

लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं बारदान्याचं दुकान होतं. रिकामी पोती घ्यायची, फाटकी शिवून घ्यायची आणि आडतवाल्यांना, डाळमिलवाल्यांना विकायची. मूळ गाव उदगीरकडचं. शाळा निजामाच्या राज्यातली, म्हणून आकडे उर्दूत मोजायचे. रागावले तर कानडीत पुटपुटायचे, पण ते वर्षातून एखाद्या वेळी. मी मुरुडची. आमच्याकडं मनात आलं की तोंडात आलंच. आप्पांचं नि माझं खरं तर जमायला नको होतं, पण जमलं. मी बोलायचे, ते ऐकायचे, दोघांचीही सोय व्हायची.

लातूर जिल्हा झाला आणि गावात पूर आला. पाण्याचा नव्हे, साहेब लोकांचा. रोज नवं ऑफिस, त्याला नवी पाटी, आणि पाटीमागं खोली शोधत फिरणारा एखादा साहेब. आमच्या माडीवरच्या दोन खोल्या पाटणकर नावाच्या कोकणातल्या साहेबांनी घेतल्या. आप्पांनी मान खाली घालून एकच अट सांगितली, की घर लिंगायताचं आहे, इथं मासमच्छी शिजणार नाही. साहेबांनी कबूल केलं. पुढच्याच आठवड्यात ते पुण्याहून काचेची मोठी पेटी आणि पिशवीत तीन जिवंत मासे घेऊन आले. आप्पा जिन्यात आडवे उभे राहिले म्हणे. "साहेब, ठरलं होतं आपलं," एवढंच बोलले आणि स्वतःच घामाघूम झाले. पाटणकर बाई हसत हसत म्हणाल्या की आप्पा, हे खायचे नाहीत, हे बघायचे आहेत.

बघायचे मासे! आमच्या गल्लीनं असलं काही ऐकलं नव्हतं. पण आप्पा बघायला गेले आणि बघतच राहिले. दोन मासे केशरी होते, आणि एक काळाकुळकुळीत, डोळे बाहेर आलेला, शेपूट झुलवत सावकाश फिरणारा. त्याला पाहून आप्पा म्हणाले, हा तर नंदी. तेव्हापासून त्याचं नाव नंदी पडलं. रोज दुकान बंद करून आले की ते माडी चढायचे आणि पेटीसमोर बसायचे. एवढा वेळ ते अव्वांसमोरही कधी बसले नव्हते, हे अव्वा मला पुन्हा पुन्हा सांगायच्या.

मग एक पावसाळा कोरडा गेला. त्याच्या मागचाही काही धड नव्हता. शेतात माल नाही तर गंजात पोती कशाला लागतील? बारदान्याची थप्पी छताला टेकली आणि आप्पा तिच्यासमोर माश्या मारत बसू लागले. अशातच पाटणकर साहेबांची बदली नांदेडला निघाली. भरलेली काचेची पेटी ट्रकात कशी घालायची? ती मासे, कंकर, हवेचं छोटं यंत्र यांच्यासकट आप्पांकडं आली. मी तेव्हा बाळंतपणाला मुरुडला होते. परत आले तर पेटी आमच्या बैठकीत, देवघराच्या भिंतीला लागून, लाकडी घडवंचीवर दिमाखात बसलेली.

जाण्याआधी पाटणकर बाईंनी आप्पांना समोर बसवून सगळं शिकवलं होतं. ते मला खूप नंतर कळलं, आप्पांच्याच तोंडून.

माशांमुळं आप्पांच्या वाट्याला जी थट्टा आली ती विचारू नका. गंजात हमाल विचारायचे, "आप्पा, रस्सा कधी?" शेजारचा आडतवाला रोज न चुकता वास घेतल्यासारखं करायचा. लिंगायताच्या घरात मासा म्हणजे ब्राह्मणाच्या घरात खाटीक, असंही कुणी बोललं. आप्पा खाली मान घालून पोती मोजत राहायचे. हसतील त्यांचे दात दिसतील, असं मी म्हणायचे, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या असायच्या. खरा घाव बसला तो मार्गशीर्षात. घरी मठाच्या स्वामींची पाद्यपूजा होती. स्वामी आले, बैठकीत पेटी पाहिली आणि उंबऱ्यातच थबकले. रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले की आज पाणी घेणं होणार नाही, मनाला येत नाही. आणि पूजा न घेता गेले. अव्वांनी दोन दिवस अन्न गिळलं नाही. आप्पांनी पेटीवर चादर टाकली, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच ती हळूच काढली.

पाण्याची तर त्या वर्षी दशाच होती. नळ कोरडे, आडाच्या तळाला चिखल. गल्लीत टँकर यायचा, त्याच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा उग्र वास. घराला मोजक्या घागरी मिळायच्या आणि त्यात अंघोळ, स्वयंपाक, बाळाचे लंगोट, सगळं. बाळाचे कपडे धुतलेलं पाणी मी जपून संडासात वापरायचे. अशात आप्पा पेटीतलं पाणी थोडं काढून थोडं नवं घालायचे तेव्हा मी उरलेल्या घागरी मोजायचे. मी एकदा बोललेही, की आप्पा, माणसं तहानली आणि मासे पोहून राहिले. ते ओशाळले. त्यानंतर त्यांनी पाणी बदलणं जवळजवळ सोडलंच.

माघातली थंडी त्या वर्षी चिवट होती. आमच्या घरी म्हणतात, शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत जाते, पण शिवरात्र अजून पंधरवड्यावर होती. एका सोमवारी अव्वा पूजा आटोपून उठल्या, पेटीकडं सहज पाहिलं आणि तिथंच हात जोडून बसल्या. मी धावत गेले. नंदीच्या काळ्या अंगावर पांढरे बारीक ठिपके उठले होते. पाठीवर, कल्ल्यांवर, शेपटीवर, आणि दोन डोळ्यांच्या मधोमध कपाळावर तर दाटच. चिमूटभर राख कुणी वरून भुरभुरावी तसे.

"विभूती," अव्वा म्हणाल्या. "नंदीनं विभूती लावली गं उमा."

तेवढ्यात नंदीनं तळाच्या कंकरांवर अंग घासलं, एकदा, पुन्हा एकदा. अव्वा म्हणाल्या, लोटांगण घालतोय. आप्पा मागं उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मला तेव्हा वाटलं, त्यांनाही गहिवरून आलंय.

आता आमच्या गल्लीचं सांगायचं तर इथं दुधाला उकळी आली तरी पलीकडं कळतं. दुपारपर्यंत दहाबारा बायका येऊन गेल्या. संध्याकाळी बाप्यांची रांग लागली. नंदी काही खाईना, तर लोक म्हणाले, शिवरात्रीचा उपवास आधीच धरलाय. नंदी पंख आवळून कोपऱ्यात तळाशी बसून राहिला, तर म्हणाले, ध्यानाला बसला. जो आडतवाला रोज वास घ्यायचा त्यानं नारळ आणला. हमालांनी पेटीला हार घातला. आणि सगळेजण जाताना आप्पांच्या पाया पडत होते. ज्या माणसाला पंगतीत भात मागता येत नव्हता, त्याच्या पायावर गंजातली मोठी मोठी डोकी टेकत होती. आप्पांची मान हळूहळू वर येताना मी डोळ्यांनी पाहिली. वाईट नाही वाटलं मला. उलट म्हटलं, एकदाचं यांचं नशीब उघडलं.

पण मग लोक पाणी आणायला लागले. महादेवाला रिकाम्या हातानं कुणी जात नाही. कुणी वाटीभर, कुणी तांब्याभर, टँकरचं तेच पावडरीचं थंड पाणी आणून पेटीत वरून धार धरायचे. वरून विभूतीची चिमूट सोडायचे. पेटी भरली की अव्वा खालचं पाणी काढून तांब्यात ठेवायच्या, आणि ते तीर्थ म्हणून पळीनं वाटलं जायचं. मी नाक मुरडलं, पण घेणार नाही असं म्हणाले तर अव्वा घरात राहू देतील का? बाळाला दूध पाजायचंय, असं सांगून मी टाळायचे.

गल्लीच्या टोकाला गंगम्मा राहायची. आप्पांच्याच गावची, त्यांच्याहून वयानं मोठी, लहानपणी त्यांना कडेवर घेतलेली. नवरा गेला, मुलगा नि सून कामासाठी हैदराबादकडं गेलेले, आणि पदरात चार वर्षांची नात नीला. डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. तिच्या घरी दोन माणसं म्हणून टँकरचं पाणीही दोन माणसांपुरतंच मिळायचं. त्यातला एक तांब्या ती रोज नंदीला आणायची. येताना पदरानं तांब्या झाकून आणायची, एक थेंब सांडू द्यायची नाही. मी एकदा म्हटलं, गंगम्मा, तुला प्यायला उरतं का? ती म्हणाली, देवाला दिलेलं कमी पडत न्हाई. आप्पा जवळच होते. ते उठून आत गेले.

त्याच दिवशी मला कोनाड्यात एक छोटी बाटली सापडली. निळ्या रंगाचं औषध. मी आप्पांना विचारलं की ही कसली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, मुठीत धरली आणि म्हणाले, पाटणकर बाईंचं काहीतरी राहिलं असंल. पुन्हा पाहिलं तर कोनाडा रिकामा. मला सासऱ्यांचा चेहरा वाचता येत होता. त्या चेहऱ्यावर जे होतं ते भक्ती नव्हती, हे मला कळलं. काय होतं ते मात्र कळलं नाही.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी स्वामी स्वतः आले. उंबरा ओलांडून आत आले, पेटीसमोर उभे राहिले, डोळे मिटून काही पुटपुटले आणि आमच्या घरचं पाणी मागून घेऊन प्याले. अव्वा पदराआड रडत होत्या. मार्गशीर्षातला तो सल असा निघाला. स्वामी आप्पांना म्हणाले की तुमच्या पदरी पुण्य आहे. आप्पांनी पुन्हा मान खाली घातली. लोकांना वाटलं, केवढा विनय.

त्या दिवशी केशरी माशांवरही ठिपके दिसले. नंदी तर आता पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करत होता. अव्वा म्हणाल्या, पंचाक्षरी जपतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक माणसांनी गच्च भरली होती. गंगम्मा आली ती नीलाला खांद्यावर टाकून. पोरगी तापानं फणफणलेली, ओठ सुकलेले, मान लटकलेली. कुणीतरी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? गंगम्मा म्हणाली, नंदीचं तीर्थ देते, दोन दिवस बघते, मग नेते. गर्दीनं तिला वाट करून दिली. अव्वांनी तांब्यातून पळी भरली. गंगम्मानं पोरीचं तोंड बोटानं उघडलं.

आप्पा पेटीजवळ उभे होते. त्यांनी एकदम पुढं होऊन अव्वांचा हात धरला. चारचौघांत बायकोचा हात धरणारा हा माणूस नव्हे, म्हणून आधी सगळे त्याकडंच बघत राहिले. पळीतलं पाणी जमिनीवर सांडलं.

"ते तीर्थ न्हाई," आप्पा म्हणाले. आवाज एवढा बारीक की मागचे पुढं सरकले. "मासा बिमार हाय. ह्ये विभूती न्हाई, रोग हाय. पोरीला पाजू नका."

कुणीतरी म्हणालं की आप्पा घाबरून बोलतायत. कुणी म्हणालं, देवाची परीक्षा बघू नये. तेव्हा आप्पांनी खिशातून ती निळी बाटली काढली आणि पेटीच्या काठावर ठेवली. आणि मग सगळं सांगितलं, तुटत तुटत, जमिनीकडं बघत. पाटणकर बाईंनी सांगितलं होतं की थंडीत पाणी गार पडलं, घाण साचली की माशांना पांढरे ठिपके येतात. मासा अंग घासतो, कारण त्याला खाज सुटते. खाणं सोडतो, पंख आवळतो, शेवटी श्वास घ्यायला वर येतो. पावडरीचं ताजं पाणी त्याच्या कल्ल्यांना जाळतं, ते रात्रभर उघडं ठेवल्याशिवाय घालायचं नाही. उपाय साधा आहे, घरात होण्यासारखा. आणि तो त्यांना पाठ होता.

"कधीपासून म्हाईत होतं?" गंगम्मानं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का न्हाईस?"

आप्पांनी बाटलीकडं पाहिलं. मग म्हणाले, "लोक पाया पडून राहिले होते, गंगम्मा."

असं उत्तर कुणी देतं का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरं काहीही सांगता आलं असतं, अव्वांच्या श्रद्धेवर ढकलता आलं असतं, लोकांनीच ठरवलं म्हणता आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आयुष्यभर तोंड न उघडलेल्या माणसानं तोंड उघडलं ते असं. गंगम्मानं नीलाला पदरात गुंडाळलं आणि ती चालती झाली. मी आमच्या ह्यांना तिच्यामागं ऑटो घेऊन पाठवलं. एकेक करून सगळे उठले. आडतवाल्यानं पेटीसमोरचा आपला नारळ उचलून नेला. असतात माणसं.

घर रिकामं झाल्यावर आप्पांनी टोपी खुंटीला टांगली, बाह्या सारल्या आणि कामाला लागले. मी बाळाला अव्वांजवळ दिलं आणि त्यांच्याबरोबर बसले. अव्वा बोलत नव्हत्या, बाळाशीसुद्धा.

आदल्या दिवशीचं एक घागरभर पाणी उघडं राहिलेलं होतं, ते आमच्या अंघोळीचं होतं. आप्पा म्हणाले, मी ओल्या फडक्यानं अंग पुसून पूजेला बसेन. पेटीतलं तळाचं पाणी रबराच्या नळीनं ओढून काढलं. नुसतं वरचं काढून चालत नाही, कारण रोग तळाच्या गाळात उतरतो आणि तिथं वाढतो. त्या गाळात विभूतीचा करडा थर बसला होता. तो पाहून आप्पांचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. चुलीवर पाणी कोमट करून, गारात मिसळून, पेटीतल्या पाण्याहून जरासंच उबदार करून हळूहळू घातलं. एकदम ऊन पाणी घातलं तर मासा दगावतो. जाडं मीठ बादलीमागं मूठभर, तेही आधी तांब्यात विरघळवून, थोडं थोडं करून. मग निळ्या औषधाचे थेंब. पाणी आभाळासारखं निळं झालं. पेटीवर गोधडी पांघरली. वीज गेली की हवेचं यंत्र बंद पडायचं, तेव्हा आप्पा वाटीनं पाणी वर उचलून वरून धार सोडत बसायचे, म्हणजे पाण्यात हवा जाते. हे रोज करायचं होतं, आणि ठिपके गेले तरी काही दिवस थांबायचं नव्हतं.

मी विचारलं, आप्पा, हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर? ते म्हणाले, पहिल्या दिवशी तर सगळे वाचतात. आणि वाटीनं धार सोडत राहिले.

शिवरात्र आली. सिद्धेश्वराच्या यात्रेला गल्ली लोटली, आमच्या घरचं कुणी गेलं नाही. आप्पा म्हणाले, कोणत्या तोंडानं जाऊ? गंजात आता रस्सा कुणी विचारत नव्हतं. आप्पा दिसले की लोक बोलणं थांबवायचे, आणि ते थट्टेहून वाईट. एक हमाल मात्र मोठ्यानं म्हणाला की गुरुपादप्पानं आमच्याकडून माशाच्या पाया पडून घेतलं. खोटं काय होतं त्यात? आप्पांनी घरी येऊन ते शब्द मला जसेच्या तसे सांगितले, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी तसे.

नीलाचा ताप उतरल्याचं आमचे हे सांगत आले. डॉक्टर म्हणाला होता की अंगातलं पाणी कमी पडलं होतं. देवाला दिलेला तो रोजचा तांब्या सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर आला. गंगम्मा आमच्या दारावरून जाईना, पलीकडच्या बोळातून वळसा घालून डाळमिलला जायची. आप्पा तिच्या घरी दोनदा गेले. दोन्ही वेळा दारापर्यंत जाऊन परत आले, कडी वाजवायचा धीर झाला नाही.

केशरी मासे सुधारले. आधी एकानं दाणा उचलला, मग दुसऱ्यानं. अंगावरचे ठिपके विरळ होत होत गेले. नंदीचे गेले नाहीत. एका सकाळी आप्पांनी गोधडी वर केली आणि बराच वेळ तशीच धरून उभे राहिले. मी समजले.

आमच्यात माणसाला माती देताना विभूती लावतात. आप्पांनी अंगणात कण्हेरीखाली खड्डा केला, नंदीला केळीच्या पानात गुंडाळून ठेवलं. देवघरातून चिमूट घेऊन आले. तिच्याकडं पाहिलं, आणि आत जाऊन ती परत डबीत टाकली. नुसती माती लोटली. हात धुवायला पाणी मागितलं नाही, धुळीनं चोळले.

ते पायरीवर बसलेले असतानाच गंगम्मा आली. कमरेवर घागर, मागं पदर धरून नीला. पोरगी वाळली होती, पण चालत होती. आप्पा उठून उभे राहिले. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढं केला आणि माती दिसली तसा मागं घेतला.

गंगम्मानं घागर पायरीवर ठेवली. म्हणाली, परवाचं पाणी आहे, उघडं ठेवलं होतं, पावडरीचा वास गेलाय, नंदीला घाल.

"नंदी गेला, गंगम्मा. आत्ताच माती दिली," आप्पा म्हणाले.

ती कण्हेरीखालच्या ताज्या मातीकडं बघत राहिली. मग आप्पांकडं वळली. रागानं नाही, त्यांना लहानपणी कडेवर घेतलेल्या बाईनं बघावं तसं.

"देव म्हणून मी पाणी दिलं, गुरुपादा. बिमार हाय म्हणला असतास, तरी दिलं असतं रं."

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, पाया पडणं पुरे झालं आता, राहिलेल्या दोघांना घाल. नीलाचं बोट धरून ती गेली, आणि या वेळी समोरच्याच रस्त्यानं गेली.

घागर दुपारपर्यंत पायरीवर होती. आप्पा तिच्या शेजारी बसून होते. अव्वा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या, म्हणाल्या, ऊन लागून पाणी तापून राहिलंय, आत घ्या. आप्पा म्हणाले, माझ्यानं हात लावणं होत नाही.

शेवटी मीच उचलली. कमरेवर घेताना तोल गेला माझा. गंगम्मानं ती काठोकाठ भरून आणली होती.